गवताचं बी मोठं असेल तरच रुजतं?

पारसिकच्या डोंगरउतारावर गवत पेरायचं म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "टपोरं बी घ्या, बारकं रुजत नाही." हे अर्धंच खरं आहे. मोठ्या दाण्यात साठा जास्त, म्हणून त्याचा कोंब जरा खोलातूनही वर येतो आणि सुरुवातीला रोप दांडगं दिसतं. पण बारकं बी मरतं ते बहुतेक वेळा आपण त्याला खोल गाडतो म्हणून. मारवेल गवताचं बी ओलसर मातीत कालवून वरवर फेकावं, पायाने हलकं दाबावं. एवढं पुरतं.

शिवाय मोठं दिसतं ते पुष्कळदा नुसतं टरफल आणि लव. तळहातावर चोळून बघा, आत दाणा आहे का. नसेल तर पोतंभर बी फुकट.

कुसळी ही गवताची जात तर मला फार आवडते. ओल लागली की तिच्या बियाचं शेपूट उलगडतं, सुकलं की पिळतं, आणि टोकदार बी आपसूक मातीत शिरतं.

खरी कसोटी जूनच्या पहिल्या सरींनंतर. उघडीप पडून वरची माती सुकली आणि नवी मुळं खाली उतरली नसली, तर टपोऱ्या बियांची रोपंही जळतात. पाऊस स्थिरावल्यावरच पेरा.