औषधांचा माग, ब्लॉकचेन आणि ‘बनावट’ या शब्दाचा गुंता

औषधांच्या वितरणात ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर ठेवलेली, मागाहून गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) आणण्याची चर्चा निघाली की ‘बनावट औषध’ हा शब्द सरसकट वापरला जातो. कायद्याने वेगळे ठेवलेले प्रकार त्या एका शब्दात कोंबले जातात आणि ब्लॉकचेनच्या हाती त्यांपैकी मुख्यतः एकच लागतो.

1940 च्या मूळ औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 1982 च्या दुरुस्तीनंतर कलम 17 दिशाभूल करणाऱ्या लेबलसाठी, 17-अ भेसळीसाठी आणि 17-ब बनावट औषधांसाठी आहे. दुसऱ्या कंपनीच्या किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीच्या नावाने विकले जाणारे औषध बनावट होय. परवानाधारक कंपनीनेच तयार केलेले, पण चाचणीत नापास झालेले औषध मात्र ‘अप्रमाणित’ ठरते. त्याच्या पाकिटावरचा कोड खरा असतो आणि कंपनीपासून स्टॉकिस्टपर्यंतची प्रत्येक नोंदही खरीच असते. शिक्षेतही मोठे अंतर आहे. जीवघेण्या बनावट औषधासाठी 2008 च्या दुरुस्तीने किमान 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत तरतूद केली, तर अप्रमाणित औषधाचा गुन्हा सहसा ज्या उपकलमात बसतो, त्याला 1 ते 2 वर्षे कैद आहे आणि 2023 मध्ये तोही तडजोडपात्र, म्हणजे खटल्याऐवजी रक्कम भरून मिटवता येण्याजोगा, झाला. गुण न येणारी गोळी घेतलेल्या रुग्णाला हा फरक कसा समजावून सांगायचा, याचे उत्तर 2023 च्या त्या निर्णयात सापडत नाही.

1986 मध्ये मुंबईतील एका सरकारी रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले; तेथे दोष कच्च्या मालाच्या वाटेवर होता. औषधांच्या सक्रिय घटकांवर, म्हणजे प्रत्यक्ष गुण देणाऱ्या कच्च्या मालावर, क्यूआर कोड जानेवारी 2023 पासून बंधनकारक झाला. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत असा कच्चा माल तयार होत असल्याने तो नियम येथे जवळचा आहे. पण ग्लिसरीन हा सक्रिय घटक नव्हे, त्यामुळे ती वाट त्या नियमाबाहेरच राहिली.

ब्लॉकचेनचा प्रायोगिक प्रकल्प 2018 मध्ये केंद्राच्या धोरणसंस्थेने एक रुग्णालय समूह, एक औषध कंपनी आणि एक सॉफ्टवेअर कंपनी यांना सोबत घेऊन जाहीर केला. देशभर सक्तीने आला तो मात्र साधा क्यूआर कोड: 1 ऑगस्ट 2023 पासून, तोही 300 ब्रँडपुरता. त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. प्रत्येक पाकिटाच्या वेगळ्या अनुक्रमांकाचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. असा अनुक्रमांक नसेल, तर एकाच कोडच्या हजार नकला छापल्या तरी स्कॅन करणाऱ्याला प्रत्येक नक्कल अस्सलच दिसेल. ब्लॉकचेनचा खरा उपयोग अनुक्रमांक आल्यावरच सुरू होतो.

त्यानंतरही शेवटची कडी उरते. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या मेडिकलमध्ये अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून आलेला माणूस दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या चारच मागतो. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो, चार गोळ्या कागदी पुडीत घालून देतो, आणि ज्यावर कोड छापलेला असतो तो खोका फळीवरच राहतो.