मुंबई इलाख्यातील सक्तीची भरती व स्थानबद्धता (1914–1920)

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यात सरकारने माणसे दोन प्रकारे ताब्यात घेतली. काहींना सैन्यात ओढले, काहींना तारेच्या कुंपणाआड ठेवले. कायद्याने सक्ती झाली ती फक्त गोऱ्यांवर. गावकऱ्यांवरचा दाब कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, म्हणून तो कागदपत्रांत सहज सापडत नाही.

स्थानबद्धता. ऑगस्ट 1914 मध्ये परकीयांसंबंधीचा वटहुकूम निघाला आणि जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची पोलिसांकडे नोंद सुरू झाली. माणसाने काय केले याची चौकशी नव्हती. राष्ट्रीयत्व आणि वय एवढेच पाहिले जाई. लढण्याच्या वयाचे पुरुष अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत गेले. व्यापारी, खलाशी, कारागीर आणि मिशनरी तिथे एकत्र आले. पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची भर पडली. बायकामुलांसाठी बेळगावला वेगळी छावणी होती. ज्यांच्यावर विश्वास ठेवला गेला त्यांना पळून न जाण्याच्या वचनावर (पॅरोल) थोडी मोकळीक मिळे, पण परवान्याशिवाय हालचाल करता येत नसे.

छावणीचा बाहेरच्या जगाशी धागा म्हणजे टपाल. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय हेग कराराप्रमाणे युद्धकैद्यांच्या पत्रांना टपाल हशील माफ होते. म्हणून अशा पाकिटांवर तिकिटाऐवजी माफीचा शिक्का आणि शेजारी पत्र तपासणाऱ्याचा शिक्का दिसतो. कैद्यांच्या तक्रारी ऐकायला आधी तटस्थ अमेरिकेचा वाणिज्यदूत असे. 1917 मध्ये अमेरिकाच युद्धात उतरल्यावर ते काम स्वित्झर्लंडकडे गेले.

मालमत्तेचे हाल वेगळेच. 1916 च्या शत्रू-व्यापार कायद्याने जर्मन पेढ्या मोडीत काढण्याचा मार्ग खुला झाला. कोकणातल्या घरांवर चढलेली मंगळुरी कौले ज्या बासेल मिशन या स्विस-जर्मन मिशनरी संस्थेने प्रथम बनवली, त्या मिशनचे कारखाने 1919 मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीच्या हाती गेले. मिशनरी कुटुंबांना 1915–16 मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने मायदेशी पाठवले. छावणीत उरलेल्यांची सुटका मात्र युद्ध संपल्यानंतर, 1919–20 पर्यंत लांबली.

कायदेशीर सक्ती. 1917 च्या भारतीय संरक्षण दल कायद्याने हिंदुस्थानात राहणाऱ्या 16 ते 50 वयाच्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना लष्करी सेवा बंधनकारक झाली. 16 ते 18 वयाच्या मुलांना फक्त कवायत होती, तरुणांना देशात कुठेही पाठवता येई आणि चाळिशी ओलांडलेल्यांना राहत्या ठिकाणीच काम असे. भारतीयांसाठी याच दलात ऐच्छिक विभाग होता. तो भरेना, आणि कारण उघड होते: शिक्षित तरुणाला शिपाईगिरी मिळे, अधिकारपद नाही. टिळकांनी नेमके यावर बोट ठेवले. तरुणांनी दलात जावे असे ते सांगत, पण बरोबरीचे अधिकारही मागत. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्ध परिषदेत ते स्वराज्याचा मुद्दा मांडू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून गेले.

गावातली भरती. शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. पूर्वी त्यातूनच पोटाचा खर्च निघे. जानेवारी 1917 पासून शिधा फुकट झाला. त्याच सुमारास प्रत्येक पलटणीने आपापल्या जातीची माणसे शोधण्याची जुनी रीत मोडून प्रदेशवार भरती आली. मागणी वरून येई आणि मामलेदार व पाटलांमार्फत गावात उतरे. वतन आणि सारा ज्यांच्या हातात, त्यांनीच माणसे मागायची म्हटल्यावर ‘ऐच्छिक’ या शब्दात फारसे काही उरत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बातम्याही उमेद देणाऱ्या नव्हत्या. 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातील (आताचे इराक) कूत-अल-अमारा येथे ब्रिटिश-हिंदी फौजेची शरणागती झाली, तेव्हा 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणींचे शिपाई तुर्कांच्या कैदेत पडले. नगरच्या तारेआड जर्मन आणि तुर्कांच्या ताब्यात मराठे, असे दोन्हीकडचे कैदी एकाच वेळी होते. 1918 मध्ये अवर्षण आणि इन्फ्लुएंझाची साथ आली आणि इलाख्यातली खेडी आणखी खचली.

महार समाजासाठी सैन्याचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले होते. माणसे कमी पडू लागल्यावर 1917 मध्ये 111 क्रमांकाची महार पलटण उभी केली आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडून टाकली. हा अन्याय भरतीच्या इतिहासात तळटीप म्हणून येतो. तो मुख्य मजकुरात यायला हवा.

खुणा. युद्धानंतर अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या गेल्या. त्यांवर गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत एवढे दोन आकडे असतात; नावे बहुधा नसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने या युद्धात 46 माणसे गमावली.

दुसऱ्या महायुद्धात हीच घडी पुन्हा वापरली गेली: 1940 मध्ये युरोपीयांसाठी राष्ट्रीय सेवा कायदा आला, नगरला पुन्हा जर्मन स्थानबद्ध आले आणि तिथून त्यांना देवळाली व पुढे डेहराडूनला हलवले. वचनावरच्या छावण्या पुरंदर व साताऱ्याला होत्या.