उपदंश (सिफिलिस) : नाशिकमधील तपासणी आणि उपचार

उपदंश, बोलीत 'गरमी', हा ट्रिपोनेमा पॅलिडम या मळसूत्री जिवाणूमुळे होणारा लैंगिक संसर्ग. १९०५ मध्ये शौडिन आणि हॉफमन यांनी तो बर्लिनमध्ये शोधला. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात कडक, न दुखणारा व्रण उठतो. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाविना भरून येतो आणि इथेच घात होतो. जखम गेली म्हणजे आजार गेला असे समजून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. काहींच्या बाबतीत मात्र आजार मेंदू, डोळे किंवा महाधमनीपर्यंत पोहोचतो.

नाशिकला 'सिव्हिल'मध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मधून गुप्तरोगांची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जोडीला एचआयव्हीची चाचणी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते. उपदंश आढळल्यास तीही करून घ्यावी. जायला संकोच वाटत असेल, तर १०९७ या निःशुल्क एड्स हेल्पलाइनवर आधी बोलता येते.

रक्ताच्या चाचण्या दोन प्रकारच्या. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली. आरपीआरमध्ये कार्डावर रक्तद्रव आणि कोळशाचे सूक्ष्म कण असलेले द्रावण मिसळून कार्ड फिरवतात. काळ्या गुठळ्या दिसल्या की चाचणी पॉझिटिव्ह. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार), कधी गरोदरपण यांतही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या, या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्येच शोधणाऱ्या टीपीएचएसारख्या चाचणीने खात्री करतात. उलट, व्रण नुकताच उठला असताना व्हीडीआरएल निगेटिव्हही येते. अशा वेळी काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. टीपीएचए बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. त्यावरून आजार परतला असे मानून घाबरणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते, कारण हे दोन वाक्यांत समजावून सांगता येते. उपचार लागू पडला का, हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून, म्हणजे रक्तद्रव किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते त्यावरून, कळते : १:३२ वरून १:८, म्हणजे चौपट घट, ही चांगली खूण. त्यासाठी सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी होते. पहिला रिपोर्ट जपून ठेवावा, त्याच्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

औषध जुने आणि स्वस्त आहे. १९४३ पासून उपदंशावर पेनिसिलिन वापरले जाते आणि ते अजून निकामी झालेले नाही. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. कुपीतली पूड पाण्यात कालवून दाट, दुधाळ औषध कुल्ल्याच्या स्नायूत खोल देतात. ते दुखते, आणि ॲलर्जीच्या भीतीने नंतर काही वेळ बसवून ठेवतात. पहिल्या दिवशी ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. जिवाणू मरताना असे होते; ते बहुधा दिवसभरात ओसरते. पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, १४ दिवस. मेडिकलवरून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत : अर्धवट औषधाने आजार दबतो, पण जात नाही.

जुन्या संसर्गाला आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने लागतात. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला आलेल्या मजुराचा मुक्काम कधी तेवढा नसतो. दोन डोसांत चौदा दिवसांहून जास्त अंतर पडले, तर कोर्स पहिल्यापासून द्यावा लागू शकतो. म्हणून तारखांची नोंद असलेला केसपेपर गावी नेऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवावा.

गरोदर बाईची ही चाचणी पहिल्याच तपासणीत व्हायला हवी. उपचार राहिला तर गर्भपात, मृतजन्म किंवा बाळाला जन्मजात उपदंश होऊ शकतो. तिला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, पेनिसिलिनच द्यावे लागते. ॲलर्जी असेल तर रुग्णालयात ठेवून, अगदी लहान मात्रेपासून वाढवत देतात.

जोडीदारालाही सोबत आणावे. मागच्या ९० दिवसांत संबंध आला असेल, तर त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी इंजेक्शन देतात.