पेपरकडून नोंदींकडे: सोलापूरच्या वर्गांतील मूल्यमापनाची पार्श्वभूमी

घटक चाचणी, सहामाही, वार्षिक हा क्रम 2010 पर्यंत सोलापूरच्या शाळांतही मोडला नव्हता. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर शिकवतानाचे मूल्यमापन) 70 व संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 30 गुण. पुढे दर दोन इयत्तांना आकारिकचा वाटा दहाने कमी होत सातवी-आठवीला 40-60. प्रगतिपत्रकावर अ-1 ते इ-2 श्रेण्या.

वाद पेटला तो वर्णनात्मक नोंदींवरून, म्हणजे प्रत्येक मुलाची प्रगती शिक्षकाने शब्दांत लिहिण्यावरून. चौथीत 40 मुले आणि सात विषय धरले तर एका सत्राच्या 280 नोंदी होतात. द्विशिक्षकी शाळेत हेच काम दोन-तीन इयत्तांचे. मग नोंदी सत्राअखेरीस एका बैठकीत उतरू लागल्या, त्यांचे तयार नमुने हातोहात फिरले. ‘वाचन चांगले’, ‘गृहपाठ वेळेवर करतो’ अशा नोंदीवरून उद्या काय शिकवायचे ते कळत नाही.

उपयोगी नोंद वेगळी असते. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी अनेक मुले मराठी शाळेत शिकतात. ‘हातच्याची वजाबाकी बरोबर, शाब्दिक उदाहरण वाचून समजत नाही, तेलुगूत सांगितल्यावर सोडवतो’ अशी नोंद असेल तर अडचण गणिताची नाही, भाषेची आहे, हे लगेच दिसते. लेखी पेपरात त्याच मुलाला शून्य पडते. असे रोज पाच-सहा मुलांपुरते, शिकवताना टिपले तर महिन्याभरात सगळा वर्ग एकदा तरी नजरेखालून जातो. नोंदींची कल्पना चुकीची नव्हती. प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयात, ठरल्या तारखेला नोंद हवी हा आग्रह तिच्या मुळावर आला. तपासणीतही रकाने भरलेत का एवढेच पाहिले गेले.

दुसरा घोळ शिक्षण हक्क कायद्यातल्या ‘नापास करायचे नाही’ या तरतुदीचा. ‘परीक्षाच नाही’ असा तिचा अर्थ पालकांत पसरला, आणि ड श्रेणीखालच्या मुलांना द्यायचे जादा मार्गदर्शन अनेक ठिकाणी कागदावरच राहिले. ऊसतोड मजुरांची मुले हंगामात शाळा बदलतात. त्यांच्या नोंदी जुन्या शाळेतच अडकतात.

2015 पासून मुलांची मूलभूत तयारी तपासणाऱ्या पायाभूत चाचण्या आल्या. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना नापास करण्याची मुभा दिली आणि 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परतली. अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आहे, पण मूल नेमके कुठे अडले हे पेपरावरच्या गुणांतून कळत नाही. पुनर्परीक्षेच्या तयारीसाठी शिक्षकाला वर्षभराच्या नोंदीच उघडाव्या लागतात.