एक्स-रे सारखा, कळ वेगळी

वाट्या झिजल्यात, ग्रीस संपलंय, गॅप राहिला नाही. गुडघ्याबद्दल आपण सायकलच्या बेअरिंगबद्दल बोलावं तसं बोलतो. बेअरिंग जितकं झिजेल तितका खडखडाट वाढतो. गुडघ्याचं गणित इतकं सरळ नाही. (आणि झिजते ती बहुतेकदा वाटी नव्हेच. मांडीचं हाड आणि नडगी जिथे भेटतात, तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, विरळ होते.)

केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली एक्स-रेवरून झीज मोजायची ० ते ४ अशी श्रेणी मांडली. ‘तिसऱ्या ग्रेडचा गुडघा’ म्हणतात तो याच मापाने. पण ग्रेड आणि वेदना यांची जोडी जुळत नाही. २००८ मध्ये बेडसन आणि क्रॉफ्ट यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. एक्स-रेत झीज असलेल्यांपैकी किती जणांचा गुडघा दुखतो? एका टोकाच्या अभ्यासात १५ टक्के, दुसऱ्या टोकाच्या अभ्यासात ८१. उलट बाजूने पाहिलं, तर गुडघा दुखणाऱ्यांपैकी १५ ते ७६ टक्क्यांच्याच एक्स-रेत झीज सापडली.

यातला काही दोष एक्स-रेचा आहे. झोपवून काढलेल्या फोटोत सांध्यावर भार नसतो, त्यामुळे गॅप शाबूत दिसतो. फोटो उभं राहूनच काढायला हवा. नुसता समोरून काढला, तर वाटीमागची झीज निसटते; आणि जिने उतरताना दुखतं ते पुष्कळदा तिथेच. शिवाय कूर्चेला नसा नाहीत. ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, वाटीखालची चरबीची गादी. यातलं बरंचसं साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

हे सगळं जमेस धरलं तरी फरक उरतो. तो असतो गुडघ्याकडून आलेला निरोप मज्जारज्जू आणि मेंदू किती मोठा करून ऐकतात, यात. हा आवाज मोजता येतो, आणि तो मोजण्याच्या तीन चाचण्या साध्या आहेत.

पहिली दाबाची. एक चौरस सेंटिमीटर रबरी टोकाचं दाबमापक गुडघ्याशेजारी टेकवून दाब हळूहळू, एकाच वेगाने वाढवत न्यायचा. ‘दाब’ संपून ‘दुखणं’ सुरू होतं त्या क्षणी माणसाने सांगायचं, की आकडा टिपायचा. हा झाला वेदनेचा उंबरठा. असं तीनदा करून सरासरी काढायची. हेच नडगीच्या स्नायूवर आणि हातावरही करायचं. चुका होतात त्या इथेच. दाब भरभर वाढवला, तर माणूस बोलेपर्यंत काटा पुढे गेलेला असतो आणि उंबरठा खोटाच उंच दिसतो. एकाच जागी लागोपाठ दाबलं, तर ती जागा हुळहुळी होते. आणि ‘दुखायला लागलं की सांगा’ याचा अर्थ ‘सहन होईना की सांगा’ असा घेणारे बरेच असतात. सहनशक्ती दाखवायची सवय अंगात मुरलेली असते, त्यामुळे आधी एकदा सराव करून घ्यावा लागतो.

या चाचणीत महत्त्वाचा आकडा हाताचा. फक्त गुडघ्याजवळचा उंबरठा खाली आला असेल, तर गोंधळ गुडघ्यापाशी आहे. पण हाताला काही झालेलं नसताना तिथेही कमी दाबाने दुखत असेल, तर आवाज वाढलाय तो वर, मज्जासंस्थेत.

दुसरी चाचणी टोचण्याची. बोथट तारेच्या टोकाने, साधारण २६ ग्रॅम वजनाइतक्या जोराने, सेकंदाला एक असं दहा वेळा टोचायचं. जोर तोच, जागा तीच. तरी पहिल्या टोचणीला १० पैकी २ गुण देणारा माणूस दहाव्या टोचणीला ५ देऊ शकतो. मज्जारज्जूतल्या पेशी मागची टोचणी विसरत नाहीत, बेरीज करत जातात. थोडी बेरीज सगळ्यांचीच होते. काहींची फार होते. मज्जारज्जू असा हुळहुळा होऊ शकतो हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं.

तिसरी चाचणी ब्रेकची. एक हात बर्फाच्या पाण्यात घालायचा आणि शरीरावर दुसरीकडे दाबाचा उंबरठा पुन्हा मोजायचा. बहुतेकांचा उंबरठा वाढतो, कारण एक वेदना सुरू असताना मेंदूच्या बुंध्यातून खाली आदेश जातो आणि दुसरी वेदना दबते. ज्यांचा हा ब्रेक ढिला असतो त्यांचा उंबरठा जागचा हलत नाही. पाणी ढवळत राहावं लागतं, नाहीतर हाताभोवती कोमट पाण्याचा थर जमतो आणि चाचणी फसते.

२०१३ मध्ये अमेरिकेत फिनान आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज असलेल्या ११३ जणांचे चार गट पाडले. झीज कमी पण वेदना जास्त असलेला गट गुडघ्यापासून दूरच्या जागांवरही जास्त संवेदनशील निघाला. झीज जास्त पण वेदना कमी असलेला गट सगळ्यांत कमी संवेदनशील होता. म्हणजे ‘एवढंसं झिजलंय, उगाच कण्हतात’ असं ज्यांना घरात ऐकवलं जातं, त्यांची मज्जासंस्था तो निरोप खरोखरच जास्त मोठा करून ऐकत असते.

आवाज कशाने वाढतो याचं एकच उत्तर नाही. स्त्रियांचा दाबाचा उंबरठा सरासरीने पुरुषांपेक्षा खाली असतो. जनुकांचा वाटा आहे. सांध्याच्या अस्तराला सूज असेल तर ती मज्जारज्जूला सतत डिवचत राहते. पण सगळ्यांत दुर्लक्षित कारण झोपेचं. २००७ मधल्या एका प्रयोगात निरोगी स्त्रियांच्या एका गटाला रात्रीतून अनेकदा जागं केलं गेलं, दुसऱ्या गटाची झोप नुसती कमी केली. वेदनेचा ब्रेक ढिला झाला तो झोप तुटणाऱ्या गटात. गुडघेदुखीवाल्याची झोप कूस बदलताना नेमकी अशीच तुटते, आणि सकाळी गुडघा अधिक दुखतो.

या चाचण्या अजून मुख्यतः संशोधनात होतात. निरोगी माणसांतही आकडे इतके पसरलेले असतात की एका आकड्यावरून निदान करू नये. काही खुणा मात्र विचारून कळतात. दुखणं गुडघ्याच्या वर-खाली पसरलंय का, चादर घासली तरी बोचतं का, मान-पाठ-खांदेही दुखतात का, जरा जास्त चाललं की दोन-तीन दिवस जातात का? उत्तरं ‘हो’ असतील तर ती डॉक्टरांना सांगावीत. मात्र गुडघा एकाएकी लाल, गरम झाला किंवा सोबत ताप आला, तर तो मामला वेगळा. त्याच दिवशी दाखवावं.

ही उत्तरं डॉक्टरांना सांगायची, कारण त्यांवरून उपाय बदलतो. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल मुख्यतः तिथल्या तिथे काम करतं. डुलोक्सेटिन हे औषध ब्रेकच्या यंत्रणेवर काम करतं. सांधेझिजेच्या जुनाट वेदनेसाठी त्याला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते नैराश्यावरही देतात, म्हणून चिठ्ठीवर दिसलं की ‘मला वेड लागलंय का’ असं वाटून घेऊ नये. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, आणि ते अचानक बंद करायचं नसतं.

दुखणं गुडघ्यापुरतं असो वा मज्जासंस्थेत वाढलेलं, व्यायाम दोघांनाही हवा, मात्रा मात्र वेगळी. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, ही चांगली सुरुवात. करताना वेदना १० पैकी २ पर्यंत गेली तर बिनधास्त, ५ पर्यंत चालेल, त्यापुढे थांबायचं. दुसऱ्या दिवशी ती मूळ पातळीवर यायला हवी. आली नाही तर व्यायाम सोडायचा नाही. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करायची आणि फेऱ्या निम्म्या करायच्या. संवेदनशील माणसाचा घात होतो तो बऱ्या दिवशी. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून दिवाळीचे सगळे माळे एकाच दुपारी काढले जातात, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात.

सांधा बदलण्याचं काय? गुडघा बदलल्यावरही लक्षणीय वेदना उरलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के आढळलंय, आणि संवेदनशील मज्जासंस्था हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून अशांना ऑपरेशन नाकारावं असं मात्र नाही. २०१२ मधल्या एका अभ्यासात गुडघा बदलून वेदना गेल्यावर दूरच्या जागांची वाढलेली संवेदनशीलताही पूर्ववत झालेली दिसली, म्हणजे त्या रुग्णांत वरचा आवाज खालूनच पोसला जात होता. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एका कागदावर शरीराची आकृती काढून दुखणाऱ्या सगळ्या जागा रंगवाव्यात, शेजारी रात्री किती वेळा जाग येते ते लिहावं, आणि तो कागद एक्स-रेच्याच पाकिटात घालून न्यावा.