राउटरकाम (घरगुती प्लायवूड कपाटे, कोकण)

राउटर हे विजेवर चालणारे सुतारी हातयंत्र. वेगाने फिरणाऱ्या बिटने, म्हणजे त्यात बसवलेल्या धारदार पात्याने, ते फळीची कड छाटते, तिला गोलाई देते आणि फळीत खाच पाडते. कोकणात घरच्या पडवीत किंवा खळ्यात बनणाऱ्या प्लायवूडच्या कपाटांवर त्याचा सर्वाधिक उपयोग चिकटवलेला सनमायका छाटण्यासाठी होतो, नक्षीसाठी फारच कमी. दमट, खाऱ्या हवेत कपाट आधी कडेला बिघडते आणि राउटर नेमका कडेवरच चालतो. त्यामुळे इथे राउटरकाम शोभेपेक्षा टिकाऊपणाशी जास्त जोडलेले आहे.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची परंपरा असलेल्या या पट्ट्यात सुतारी नवी नाही. साग, फणस, आईन यांच्या फळ्यांवर रंधा, पटाशी आणि कानस यांनी कड घडवली जाई. अखंड लाकडाची कड कितीही तासली तरी आत लाकूडच लागते. प्लायवूडचे तसे नाही. त्यात पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. कड तासली की थर आणि मधल्या पोकळ्या उघड्या पडतात. रंध्याचे पाते तिथे अडखळते आणि कपच्या उडतात. फिरते बिट हे काम सहज करते, पण उघडी पडलेली कड झाकत नाही.

प्लायची शीट साधारण ८ × ४ फुटांची असते. कपाटाच्या बाजूंना १८ किंवा १९ मिमी आणि पाठीला ६ मिमी जाडी वापरतात. सर्वसाधारण प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन, म्हणजे पाण्यात जास्त टिकणाऱ्या, प्लायसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके आहेत. मरीन प्लाय घेतला म्हणजे कड उघडी ठेवली तरी चालते, हा समज मात्र चुकीचा. पाण्याला दाद देत नाही तो थरांमधला गोंद. लाकूड पाणी पितेच.

यंत्रे दोन आकारांत मिळतात. लहान ट्रिमर एका हातात मावतो, ६ मिमी किंवा पाव इंच दांड्याचे बिट घेतो आणि बिनभाराने मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. मोठ्या राउटरला दोन मुठी असतात, त्यात अर्ध्या इंचापर्यंतचे दांडे बसतात आणि बऱ्याच नमुन्यांत वेग बदलता येतो. बिट जितके रुंद तितका वेग कमी ठेवावा लागतो. प्लायमधला कडक झालेला गोंद साध्या पोलादाची धार लवकर मारतो, म्हणून कार्बाइडच्या धारेचेच बिट घ्यावे.

सनमायका फळीपेक्षा प्रत्येक बाजूने ३ ते ५ मिमी मोठा कापून चिकटवतात आणि वाढीव भाग ट्रिमरने उडवतात. बिटाच्या टोकाला असलेले बेअरिंग फळीच्या कडेवर टेकून चालते, त्यामुळे धार कडेच्या आत घुसत नाही. खोड असते ती कडेवर ओघळलेल्या गोंदात. तो बेअरिंगला लागला की बेअरिंग अडकते, बिटाबरोबरच गरगरते आणि कडेवर आधी लावलेल्या सनमायकाच्या पट्टीवर काळा चट्टा उमटवते. म्हणून दर फळीनंतर बेअरिंग बोटाने फिरवून पाहायचे आणि थिनरच्या फडक्याने पुसायचे. अर्थात प्लग काढल्यावरच. ओट्यावर कडेची पट्टी आधी लावून छाटावी, वरचा सनमायका नंतर. मग जोड वर न येता बाजूला येतो आणि सांडलेले पाणी त्यात थेट उतरत नाही.

बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्यामुळे फळीच्या बाहेरच्या कडेने यंत्र काट्यांच्या उलट दिशेने न्यायचे. याच्या उलट नेल्यास बिट लाकडाला धरून पुढे धाव घेते आणि यंत्र हाताला आवरत नाही. फार सावकाश नेल्यास कड जळते. शेवटच्या कोपऱ्याशी टाकाऊ तुकडा क्लॅम्पने धरला तर तिथली कपची वाचते.

पाठीच्या प्लायसाठी बाजूंच्या फळ्यांत ६ ते ८ मिमी खोल खाच पाडतात. बाजारातला ६ मिमी प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा थोडा पातळ असतो, तेव्हा आधी तुकड्यावर खाच पाडून पाहणे बरे. ही खाच मागच्या कडेपासून १५ ते २० मिमी आत घेणे कोकणात विशेष उपयोगी. पावसाळ्यात जांभ्याची भिंत ओल धरते. पाठ तिला टेकली नाही तर मधून हवा खेळते.

कडेला गोलाई द्यायची तर आधी सागाची पट्टी मारून घ्यावी आणि गोलाई पट्टीच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी. ६ मिमी पट्टीला ३ मिमी गोलाई पुरते. बिट पट्टी ओलांडून गेले तर थर पुन्हा उघडे पडतात. पट्टी मारायची नसेल तर छाटलेली कड त्याच दिवशी सीलर किंवा प्रायमरने बंद करावी. दिसत नाही म्हणून पाठीमागची आणि तळाची कड सोडून देण्याची पद्धत आहे, आणि ओल बहुधा तिथूनच शिरते.

घरोघर कपाटे गणपतीच्या आधी पुरी करायची घाई असते, म्हणजे ऐन श्रावणातल्या दमटपणात. रबरी गोंदातले द्रावण उडताना त्याचा थर गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. असा धूसर पडलेला गोंद नीट धरत नाही, मग ट्रिमर फिरला की सनमायकाची कड उचलते. याच दिवसांत दार घासायला लागले की लगेच ट्रिमर लावला जातो. पण प्लायवूड लांबी-रुंदीत फारसे वाढत नाही. दार वाकलेले असते, अनेकदा एकाच बाजूला सनमायका लावल्यामुळे, किंवा बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. ते न पाहता कड छाटली तर मार्गशीर्षात फट दिसते आणि तिथला थरही उघडाच राहतो.

भूसा अगदी बारीक उडत असल्याने मास्क आणि चष्मा हवा. ओल्या अंगणात ओढलेल्या वायरवर हे यंत्र चालवू नये. खाऱ्या हवेत बिट धरणारे कोलेटही गंजते. त्यात दांडा घसरू लागला की चालू कामातच बिट खाली सरकते आणि खाच ठरल्यापेक्षा खोल जाते. म्हणून काम झाल्यावर बिट काढून कोलेट पुसून ठेवतात.