‘बायसेक्शुअल’मधले ते दोन कोण?

‘बाय म्हणजे दोन. म्हणून बायसेक्शुअल माणसाला फक्त पुरुष आणि स्त्रियाच आवडतात, ट्रान्स किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) व्यक्ती त्यात बसत नाहीत.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

मुळात हा शब्द आकर्षणाचा नव्हताच, वनस्पतिशास्त्राचा होता. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असले, की ते फूल बायसेक्शुअल. आपली जास्वंद घ्या! माणसांच्या आकर्षणासाठी तो इंग्रजीत आला १८९२ साली, क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाच्या जर्मन ग्रंथाच्या चॅडॉकने केलेल्या भाषांतरातून. तेव्हाच्या डॉक्टरांना हा आजार वाटायचा, ते सोडा.

पुढे ज्यांचा हा शब्द, त्यांनीच त्याचा अर्थ ठरवला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बायसेक्शुअल कार्यकर्त्यांनी १९९० च्या जाहीरनाम्यात स्पष्ट बजावलं होतं: आमच्यात दोनच बाजू आहेत असं धरू नका, आणि लिंगभाव, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की आणखी कुणी ही स्वतःची जाणीव, दोनच असतात असंही धरू नका. आज रूढ असलेला अर्थही तसाच आहे, एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण. ते सगळ्यांविषयी सारखंच किंवा एकाच वेळी असायला हवं, अशी अट नाही. ‘पॅनसेक्शुअल’, म्हणजे समोरच्याचा लिंगभाव कोणताही असो, आकर्षण वाटू शकतं, हा शब्द कुणाला जवळचा वाटला तर त्यांनी तो खुशाल वापरावा; त्यासाठी ‘बाय’चा अर्थ आखडायची गरज नाही.